डाव्या दाराची काच: खडखड, अडकणं आणि उद्यमनगरातला स्लायडर

सध्याची स्थिती: काच वर जाते, खाली येते, आवाज नाही. दाराचं पॅड (आतलं आवरण) अजून दोन क्लिपांवर लटकलंय. काम डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

गाडी जुनी हॅचबॅक, दार डावीकडचं पुढचं. तक्रार एक नव्हती, तिथंच सगळा घोळ. काच निम्म्यावर आली की 'कट्-कट्' आणि मग खर्रर्र. वर येताना मागची कड मागंच राहायची, काच तिरकी व्हायची आणि चार बोटं फट ठेवून थांबायची. सारखी वर-खाली केली की साफ बंद. थोड्या वेळानं आपोआप चालू. गॅरेजमध्ये दार न उघडताच निकाल मिळाला, "मोटर गेली, बदलून टाका." मला पटेना. तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालणारी मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. तिच्या आत तापमानावर करंट तोडणारा भाग असतो, तो आपलं काम करतोय. शोधायचं ते मोटर तापतेय कशानं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि पॅड उतरवलं. हँडलमागचा स्क्रू, आर्मरेस्टच्या खाचेतले स्क्रू, मग कडेनं क्लिपा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, रंग आणि क्लिप दोन्ही जातात. प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्या. आतला प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट दोऱ्यावर बसलेला असतो, तो फाडायचा नाही. ब्लेडनं हळू सोडवायचा. पावसाचं पाणी गाडीत यायला तोच अडवतो. दाराच्या तळाशी काय निघावं? उसाच्या पाचटाचे तुकडे, मूठभर. गळीत हंगामात कागलच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं गाडी असली की काचेवर पाचट बसतं, आणि काचेच्या बुडाशी बाहेरनं असलेली रबरी पट्टी कडक झाली की काच खाली जाताना ते आत ओढलं जातं. तळाची पाणी जायची भोकं बुजली होती. तारेनं मोकळी केली.

आता खरी चाचणी. काच वर धरून फ्रेमवरनं मास्किंग टेपनं बांधली, काच वर-खाली करणाऱ्या मशीनवरचे तिचे बोल्ट काढले, टेप सोडून काच दोन्ही हातांनी वर-खाली सरकवून बघितली. रबर नीट असेल तर काच हातानं सरकते. माझी मागच्या चॅनेलमध्ये (काच सरकते ती रबराची खाच) बुडाला लाकूड अडकल्यासारखी घट्ट. म्हणजे तिरकी होण्याचं कारण तिथं: मागची कड अडते, पुढची पुढं पळते. रबराचं मखमली अस्तर मळी आणि जुन्या ऑइलनं चिकट झालं होतं. कुणीतरी आधी 'गुळगुळीत करायला' ऑइल ओतलेलं. हे करू नका. खनिज तेलानं रबर फुगतं आणि काच आणखी अडते. ओल्या फडक्यानं साबणपाणी, मग कोरडं करून सिलिकॉन स्प्रे, एवढंच रबराला लागतं.

काच सुटी असतानाच बॅटरी जोडून मशीन एकटं चालवलं. ओझं काहीच नाही, तरी 'कट्-कट्' चालूच. म्हणजे हा दोष रबराचा नाही, मशीनचाच. आमच्या गाडीत केबलवालं मशीन आहे: उभी पट्टी, दोन्ही टोकांना पुली आणि पट्टीवरनं धावणारा प्लॅस्टिकचा स्लायडर, ज्याला काच लागते. टॉर्च मारला तर स्लायडरचा एक कान तडकलेला. पट्टीच्या निम्म्यावर आला की तो उघडायचा, कडेवर घासायचा आणि परत बसायचा. केबल मात्र शाबूत, एक तारही सुटलेली नाही.

सुटा स्लायडर दुकानात मिळत नाही, अख्खं मशीन घ्या म्हणतात. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथं मिलिंगवाल्या मामांनी तुकडा हातात फिरवला, व्हर्निअर लावलं आणि म्हणाले, "भावा, ह्येचा कानच गेलाय की. नवं मशीन कशाला घेतोस? डेलरिनचा करून देतो, जुन्यापेक्षा टिकंल." डेलरिन म्हणजे टणक, घसरणारं प्लॅस्टिक. पट्टीची कड १.२ मिलिमीटर, त्यांनी खाच १.५ ची ठेवली. मला आधी ढिली वाटली. ते म्हणाले, घट्ट ठेवली तर उन्हात दार तापल्यावर अडकंल. बरोबर आहे, दाराच्या आतलं ऊन आपण मोजत नाही. केबलच्या टोकाच्या गोळ्या बसायच्या खळग्याही त्यांनी जुन्यावरनं मोजून केल्या.

स्लायडर बदलताना एक सावधगिरी. केबलच्या आवरणाच्या टोकाला ताण ठेवणारी स्प्रिंग असते, ती दाबून गोळी सोडवायची. मोटर केबल गुंडाळते त्या ड्रमवरची केबल सुटू द्यायची नाही, नाहीतर गुंडाळत बसावं लागेल. पट्टीवर पांढरं लिथियम ग्रीस, पातळ.

आवाज गेला, काच सरळ झाली. पण वेग अजून कमी. इथं व्होल्ट मोजायचा मीटर लागला, आणि माझ्या मते दुरुस्तीतला सगळ्यात गमतीचा भाग हाच. मोटरीला दोन वायरी. बटण न दाबता दोन्ही अर्थला (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला). वर दाबलं की एकीला प्लस, खाली दाबलं की दुसरीला, राहिलेली अर्थलाच. बऱ्याच साध्या गाड्यांत डाव्या दाराचा हा अर्थ ड्रायव्हरच्या दारातल्या मुख्य स्विचातून येतो. म्हणून डावीकडचं बटण दाबलं तरी उजवीकडचा काळा पडलेला काँटॅक्ट आडवा येतो. मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन मोटरीच्या अर्थच्या वायरीला लावून बटण दाबलं: काच वर जाताना २.१ व्होल्ट. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवा. बटण न दाबता मोजलं असतं तर सगळं छान दिसलं असतं, करंट वाहत असतानाच दोष उघडा पडतो.

मुख्य स्विच उघडला (पंचा अंथरून, आतल्या छोट्या स्प्रिंगा उडतात). काँटॅक्ट काळे. हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच पुसले, काँटॅक्ट क्लीनर मारला. आता ०.३ व्होल्ट. काच वर जायला पूर्वी ९ सेकंद लागायचे, आता ४. डाव्याबरोबर मागच्या दोन्ही काचाही चपळ झाल्या, ते फुकटात.

बाहेरची कडक पट्टी अजून जुनीच आहे, पाचट तिथूनच आत येतं. पट्टी मागवलीय, ती बसवली, काचेच्या बोल्टांवर लॉक लावलं की पॅड बंद. पाऊस लागायच्या आत व्हायला पाहिजे. मागच्या उजव्या दारात हल्ली चूं-चूं सुरू झालंय, तिथं आधी रबरालाच हात लावणार.