तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लायव्हील टाकलं की इंजिन सुधारतं का?

घरी माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट (छोटे रूळ, छोट्या गाड्या) बघायला कोणी आलं की दोन प्रश्न ठरलेले. पोरं विचारतात, काका, करंट बंद केला तरी गाडी पुढे कशी गेली, आत सेल आहे का? आणि ज्यांची स्वतःची इंजिनं आहेत ते विचारतात, माझं जुनं इंजिन स्टेशनात शिरताना झटके देतं, फ्लायव्हील बसवलं तर स्मूथ होईल ना? पोरांना मी इंजिनाची बॉडी उचलून आतलं पितळी चाक, म्हणजेच फ्लायव्हील, दाखवतो, काम भागतं. दुसरा प्रश्न मात्र मागच्या महिन्यात परत दोघांनी विचारला म्हणून आता लिहूनच टाकतो. फरक पडतो, पण तुम्हाला जिथे हवाय नेमका तिथे पडत नाही.

आमच्या मामाच्या मळ्यात, निफाडकडे, विहिरीवर डिझेल इंजिन होतं, दोन्ही बाजूंना ही एवढाली लोखंडी चाकं. डिझेल बंद केलं तरी ती चाकं किती वेळ फिरत राहायची आणि पूर्ण थांबेपर्यंत मामा आम्हाला पट्ट्याजवळ फिरकू द्यायचा नाही. एचओच्या, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल इंजिनात तेच काम मोटरच्या शाफ्टवर बसवलेला बोटाच्या पेराहून लहान पितळी तुकडा करतो.

खऱ्या इंजिनाला ह्याची गरजच नाही. डब्ल्यूएपी-७ ह्या विजेच्या इंजिनाचं वजन १२३ टन, वर मागे डबे, नाशिकरोड यायच्या कितीतरी आधी पॉवर काढली तरी गाडी आपली येतेच. तेच १:८७ ला आणलं की वजन घनाच्या हिशोबाने उतरतं, १२३ टनाचे जेमतेम १८७ ग्रॅम होतात. आपण आत वजनं कोंबून ते चारशेपर्यंत नेतो ही गोष्ट वेगळी, पण वेगही ८७ पट कमी झालेला असतो त्यामुळे अंगात रेटा असा राहतच नाही. त्यात वर्म गिअर, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा स्क्रूसारखा आट्यांचा गिअर. वर्म चाकांना फिरवतो पण चाकं वर्मला फिरवू शकत नाहीत, म्हणजे करंट गेला की मोटर थांबली आणि मोटर थांबली की चाकं जागच्या जागी जाम. रुळावर धुळीचा एक ठिपका आला तरी गाडी ठेचकाळते ती ह्यामुळे.

आता पितळेचा हिशोब बघा, मला स्वतःला हा पहिल्यांदा केला तेव्हा खरा वाटला नव्हता. १६ मिमी व्यास, १० मिमी लांबी, वजन साधारण १७ ग्रॅम. मोटर मिनिटाला ६,००० फेरे घेतेय, गिअर १४ ला १ आणि चाकं १२ मिमीची धरली तर गाडी आपल्या स्केलने ताशी ८४ किमीच्या आसपास पळत असते. त्या क्षणी ह्या १७ ग्रॅमच्या तुकड्यात जेवढी ऊर्जा आहे ती ४०० ग्रॅमच्या अख्ख्या इंजिनाच्या धावण्यातल्या ऊर्जेच्या सातपट! कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि मोटरचा शाफ्ट इंजिनातली सगळ्यात जोरात फिरणारी वस्तू. हाच तुकडा चाकांच्या अ‍ॅक्सलवर बसवला तर १४ चा वर्ग म्हणजे १९६ पटीने कमी, तिथे तो नुसतं वजन म्हणूनच कामाचा.

पण तोच वर्ग उलटाही फिरतो ना. गाडी ८४ वरून ८ वर आली की ऊर्जा शंभराव्या हिश्शावर. माझं इंजिन फुल वेगात करंट काढल्यावर वीतभर आरामात जातं, रांगत असताना काढला तर जागेवर खिळतं. आणि सांध्याचा, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथला, करंट नसलेला बोटभर डेड भाग नेमका यार्डात रांगतानाच लागतो. म्हणून झटके रांगताना येत असतील तर आधी रूळ आणि चाकं पुसा, मोटर उघडून कम्युटेटरच्या (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) फटीतला काळा कार्बन टूथपिकने काढा, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब द्या, एकच. निम्मी इंजिनं इथेच सुधारतात. डीसीसी (रुळातून डिजिटल सिग्नलने इंजिन चालवायची पद्धत) असेल तर इंजिनातल्या डीकोडरला, म्हणजे तो सिग्नल वाचणाऱ्या सर्किटला, कीप-अलाइव्ह कपॅसिटर लावा, करंट क्षणभर तुटला तरी तो साठवलेली वीज देतो, त्याला वेगाशी देणंघेणं नाही.

मोटर मुळातच तीन पोलची (रोटरवर तारा गुंडाळलेले तीनच लोखंडी दात) असेल तर प्रत्येक पोलला ती अडखळते. हाताने शाफ्ट फिरवून बघा, टक टक टक लागतं. फ्लायव्हील ते अडखळणं मधल्या वेगात छान झाकतं, अगदी हळू असताना नाही. पाच पोलची, त्यातही तिरप्या खाचांची मोटर टाकलीत तर पैसे जास्त सत्कारणी लागतील. कोअरलेस मोटरच्या रोटरमध्ये लोखंडच नसतं त्यामुळे टकटक नाही, पण तिचा रोटर इतका हलका की तिला फ्लायव्हीलचा उपयोग होतो. आणि फ्लायव्हीलने कसारा घाटासारख्या ३७ ला १ चढावर (३७ मीटरला १ मीटर चढ) इंजिन जास्त डबे ओढेल का, हेही विचारतात. नाही. ओढणं चाकांवरच्या वजनावर आणि मोटरच्या ताकदीवर. तिथे खऱ्या गाडीलाही मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावावे लागतात.

माझं पहिलं फ्लायव्हील मी अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रविवारी लेथ मोकळा असताना केलं. (पितळ म्हटलं की नाशिककराला भांडी बाजार आठवतो, पण तिथल्या भांड्यांचं पितळ पत्र्याचं, आपल्याला भरीव रॉड लागतो.) बाहेरचा व्यास मस्त आरशासारखा काढला, मग तुकडा कापून परत चकमध्ये धरला आणि भोक पाडलं. डोळ्याला काही दिसेना. घरी बसवून कंट्रोलरचा नॉब पूर्ण फिरवला तर इंजिन असं घुमायला लागलं की आतून बायकोने विचारलं, मिक्सर कोणी लावला? भोक ०.१ मिमी जरी बाजूला गेलं तरी ६,००० फेऱ्यांना ते १७ ग्रॅम सत्तरेक ग्रॅमच्या जोराने शाफ्टला ओढतात, प्रत्येक फेऱ्यात सगळ्या दिशांना, आणि बुश (शाफ्ट टेकतो ती बेअरिंगं) खातात. काढायला गेलो तर शाफ्टही वाकला. तिथला टर्नर हसला आणि म्हणाला, साहेब, आधी बोअर, रीमर मारा (म्हणजे भोक पाडून नेमक्या मापाला आणा), मग मँड्रेलवर, म्हणजे त्या भोकात बसणाऱ्या दांड्यावर, चढवून बाहेरून घ्या. म्हणजे भोक जिथे असेल तोच मध्य होतो.

तरीही करायचंच असेल तर लांबीपेक्षा व्यासावर जा. १० ची लांबी १२ केली तर २० टक्के मिळतात, १६ चा व्यास १८ केला तर ६० टक्के. मात्र बॉडीच्या आत चौफेर मिलिमीटरभर तरी मोकळं सोडा. हातोडीने ठोकू नका, हलका सरकता फिट ठेवा आणि रिटेनिंग कंपाऊंडचा (शाफ्टवर पक्कं धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब, बेअरिंगपासून लांब. आणि टर्नरकडे जायच्या आधी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजून घ्या, २ आणि २.३ मिमी मधला फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही, मी दोनदा चकरा मारल्यात.