कोचीच्या चर्चमधली रिकामी कबर

फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च बाहेरून अगदी साधं आहे. आत शिरलं की नजर आधी वर जाते. बाकांवर लांबलचक कापडी पंखे टांगलेत आणि त्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या भोकांतून बाहेर काढल्यात. पूर्वी माणसं बाहेर बसून त्या ओढायची. थडग्यांचे जुने दगड भिंतींत बसवलेत, उत्तरेला पोर्तुगीजांचे, दक्षिणेला डचांचे. गर्दी मात्र जमिनीतल्या, कठडा घातलेल्या एका झिजलेल्या दगडाभोवती होती. वास्को द गामाला तिथे पुरलं होतं.

१५२४ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा इकडे आला आणि काही महिन्यांतच, २४ डिसेंबरला, कोचीत वारला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आज त्याची समाधी लिस्बनच्या जेरोनिमोस मठात आहे.

भारताकडे येणारा सागरी मार्ग त्याने शोधला, हे आपण शाळेत घोकलेलं. आफ्रिकेला वळसा घालून येण्यात धाडस होतंच, ते मी नाकारत नाही. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीपासून पुढचा समुद्र अरब आणि गुजराती खलाशांच्या पायाखालचा होता. मालिंदीच्या सुलतानाने वाटाड्या दिला आणि १४९८ च्या मे महिन्यात गलबतं साधारण २३ दिवसांत मलबारला लागली.

कालिकतच्या, म्हणजे आजच्या कोझिकोडच्या, सामुद्री राजाला भेट द्यायला त्याने टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध असं काय काय मांडलं. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, असं दरबारातल्या माणसांनी हसत सुनावलं. पुढे संबंध बिघडले आणि ऑगस्टअखेर तो तिथून निघाला. वाटेत आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम करून ५ ऑक्टोबरला त्याने शिडं उभारली. आफ्रिकेकडे नेणारा वारा अजून नीट सुरू झाला नव्हता. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाने त्याला थांबवलं असतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मोगादिशू दिसायला २ जानेवारी उजाडला. येताना तेवीस दिवस, जाताना जवळजवळ तीन महिने! स्कर्व्हीने खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, तीसेक माणसं दगावली. गलबतं हाकायला हात पुरेनात म्हणून ‘साओ राफाएल’ हे आपलंच एक गलबत त्यांनी स्वतःच जाळून टाकलं. वाऱ्याचं हे गणित इथल्या खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, म्हणूनच ‘शोध’ या गोष्टीचं सगळं श्रेय एकट्या गामाला द्यायला माझं मन तयार होत नाही.

त्या दगडापाशी उभं असताना मात्र मला सारखं १५०२ आठवत होतं. दुसऱ्या सफरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं ‘मिरी’ नावाचं जहाज कण्णूरजवळच्या समुद्रात अडवलं, लुटलं आणि माणसांसकट पेटवलं. त्यात शेकडो लोक होते. बायका दागिने दाखवत, तान्ही मुलं हातांवर उचलून धरत दयेची भीक मागत होत्या. हे कुणा शत्रूने रचलेलं नाही. त्याच ताफ्यातल्या तोमे लोपेशने लिहून ठेवलंय, आणि तो दिवस जन्मभर आठवत राहील असंही त्याने म्हटलंय.

पुढे आम्ही कोझिकोडजवळ कप्पडला गेलो. वास्को द गामा १४९८ साली इथे उतरला, असं कोरलेला छोटासा स्तंभ तिथे आहे. त्याच्या शेजारी ‘मिरी’वरच्या माणसांसाठी एक दगड असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आणि मालिंदीच्या त्या वाटाड्यासाठीही.