चार नखं

माझ्या उजव्या हाताची चार नखं वाढलेली असतात आणि करंगळीचं तेवढं कापलेलं. डाव्या हाताची पाचही बोटं मात्र शाळेतल्या नखतपासणीला निघाल्यासारखी साफ. शौकीन पुरुष वाढवतो ती एकटी करंगळी. माझं नेमकं उलटं. लोकलमध्ये वरची कडी धरली की समोरचा आधी नखांकडे बघतो, मग चेहऱ्याकडे, मग घाईघाईने खिडकीबाहेर. आईची तक्रार वेगळी आहे. "वाढवलीस ती वाढवलीस, पण जेवायच्या हाताचीच कशी रे?"

याला कारण माझे सर. धोबीतलावाजवळच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे क्लासिकल गिटार शिकतो. गिटार शिकतो म्हटलं की लोक पिकनिकला येण्याचं आमंत्रण देतात. हे ते गिटार नव्हे. याला तारा नायलॉनच्या, डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवून बसायचं, आणि तार छेडायला प्लास्टिकची पट्टी नाही. जे काय करायचं ते बोटांनी.

चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा गिटार पिशवीतून काढूच दिलं नाही त्यांनी. म्हणाले, "हात दाखवा." हात खिडकीच्या उजेडात धरून, तळवा स्वतःकडे वळवून, पेराच्या वर नखाची कड किती डोकावते ते बघितलं. ज्योतिषी बघतो तसं, फक्त पुढे चांगलं काही सांगितलं नाही. "दोन महिने कापू नका. तोवर नुसत्या मांसाने वाजवा."

नखं आली तेव्हा दुसरा हुकूम झाला, की कानशीने घासून भागत नाही, कड आरशासारखी हवी, तर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणा. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "गाडी रंगवताय?" म्हटलं, नखं घासायचीत. त्याने दोन रुपये कमी घेतले. का, ते मी विचारलं नाही.

एवढी मिजास कशासाठी, ते वाजवताना कळतं. तारेला आधी पेराचं मांस लागतं, मग ती घरंगळत नखाच्या कडेवर येते आणि तिथून सुटते. हे सगळं पापणी लवायच्या आत. वाटेत कडेवर केसाएवढा जरी खडबडीतपणा असला तरी सूर करकरतो. घरच्या घरी करायची परीक्षा सरांनी सांगितली आहे : नख शर्टाच्या बाहीवरून फिरवायचं, धागा अडकला तर परत घासायचं. माझे दोन शर्ट यात गेले.

पहिले चार शनिवार मी एकच तार वाजवली. तिसरी. सर तिला 'सोल' म्हणतात, कारण ते गोव्यात, बार्देशातल्या चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे दो-रे-मी, गिरवून मोठे झालेत. आजही आधी गाऊन दाखवल्याशिवाय कुठलीही ओळ वाजवू देत नाहीत. तर मी 'सोल' छेडायचा आणि तो संपला की सांगायचं.

"संपला."

"नाही." सरांची मान तिरकी, डोळे मिटलेले. खाली बस हॉर्न देते. जिन्यात कोणीतरी कोणाला तरी हाक मारतं. "आता संपला."

चार शनिवारांत एकदाही आमचं एकमत झालं नाही. शेवटी शेवटी मला संशय यायला लागला होता की म्हातारा मधल्या वेळात डुलकी काढतो.

शिकवता शिकवता ते दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बोलतात. फर्नांदो सोर आणि दिओनिसियो आग्वादो, दोघे स्पॅनिश गिटारवादक, दोघांची पॅरिसमध्ये दोस्ती. सोरला नखांचा आवाज नकोसा, आग्वादो नखांनी वाजवणारा. आमच्याकडे एवढ्यावरून दोन घराणी उभी राहिली असती आणि तिसऱ्या पिढीपर्यंत मैफलीत एकमेकांकडे पाठ करून बसली असती. सोरने काय केलं, तर दोघांनी मिळून वाजवायला दोन गिटारांची एक रचना लिहिली आणि तिला नाव दिलं 'दोन मित्र'. पुढे फ्रान्सिस्को तारेगा आला (1852 ते 1909). त्याने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं चक्क कापून टाकली. त्याच्या शिष्यांपैकी ल्योबेत नखांनी वाजवत राहिला, पुजोल बिननखांचा झाला. तेव्हा तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं, तारा मिळेनात, आणि त्या टंचाईतून नायलॉन आलं. "नायलॉनला नख लागतंच," असा सरांचा निकाल आहे. पुजोलचं नाव काढलं की मात्र ते जरा गप्प होतात.

स्पेनमधल्या या मंडळींना एक अडचण कधी आली नसणार. हळद. वरणभात, आमटी, माशाचं कालवण, सगळं त्याच हाताने, त्याच चार नखांनी. शनिवारी सर नखं बघतात आणि विचारतात, "काल बांगडो?" लपवायला जागाच नाही. माझ्या ओळखीचा एक सरोद वाजवणारा आहे. बरेच सरोदिये डाव्या हाताच्या नखांनी तार दाबतात, त्यामुळे त्याची नखं डावीकडे आणि जेवण उजवीकडे. मला त्याचा मत्सर वाटतो.

शिवाय जपणूक. गेली तीन वर्षं मी उजव्या हाताने ड्रॉवर उघडलेला नाही, की स्टिकर खरवडलेलं नाही. भांडी घासायची वेळ आली की नखांचं नाव पुढे करतो. घरात यावर कोणाचा विश्वास नाही. आणि इतकं सांभाळून मागच्या महिन्यात नख मोडलं ते लाडवांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढताना. अनामिकेचं, अर्ध्यातून. तेही शनिवारी दुपारी.

यावर उपाय असतो. टेबलटेनिसच्या चेंडूचा चतकोर कापायचा, नखाच्या आकाराचा घासायचा आणि फेविक्विकने खालून चिकटवायचा. जगभरचे गिटारवाले हेच करतात. सरांकडे यासाठी जुन्या सेल्युलॉइडच्या चेंडूंचा डबा आहे. 2014 पासून स्पर्धांमध्ये प्लास्टिकचे चेंडू आले, त्याचा राग ते टेबलटेनिसशी काडीचा संबंध नसताना बाळगून आहेत.

मी मोडकं बोट पुढे केलं. सरांनी डबा काढला, एक चेंडू हलवून बघितला आणि परत आत टाकला. मग ड्रॉवरमधून नेलकटर काढून माझ्यासमोर ठेवलं.

"उरलेली तीन पण कापा."

"सर, तीन वर्षं..."

"परत येतील. गडबड करू नाका."

कापली. कागदावर चार पिवळट चंद्रकोरी पडल्या. मग त्यांनी तारेगाची 'लाग्रिमा' वाजवायला लावली. नावाचा अर्थ अश्रू. दोन छोटे भाग, एक मेजरमधला, एक मायनरमधला. मला ती पाठ होती, पण ही तीच वाटेना. आवाज लहान झाला होता, गोधडीखालून आल्यासारखा, आणि प्रत्येक सुराची सुरुवात बोथट. बोटं तारेवर घसरत होती, दोनदा चुकलो. सरांनी एकदाही थांबवलं नाही. शेवटचा सूर लागला तेव्हा त्यांची मान तिरकी झाली. मीही थांबलो. खाली बस गेली. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

"संपला," मी म्हणालो.

"हं," सर म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

घरी पोचलो तेव्हा आई जेवायला थांबली होती. ताटावर बसलो, वरणभात कालवायला हात घातला आणि तिचं लक्ष गेलं. माझा हात मनगटाला धरून तिने दिव्याखाली नेला, उलटसुलट करून बघितला. तीन वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती.

"शनिवारी कापलीस?" ती म्हणाली. "आणि तीही तिन्हीसांजेला?"