सगळ्या वर्गाचं एकदम उत्तर

वर्गात प्रश्न विचारला की हात वर होतात ते ठरलेल्या चौघापाचांचे. बाकीचे त्यांच्याकडे बघतात, उत्तर ऐकतात आणि मान डोलावतात. मग 'समजलं का?' असं विचारलं की 'होऽऽ' असा एका सुरात जबाब येतो. तिसरी-चौथीचा जोडवर्ग सांभाळणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हा 'हो' ओळखीचा आहे. त्या होकाराच्या आत नेमकं काय आहे, हे मला एका गणिताच्या तासाला दिसलं, आणि ते दाखवलं एका मोबाइलने आणि कागदी कार्डांनी.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भाताची खाचरं संपून डोंगर सुरू होतो तिथे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वर्गाचा पट एकोणीस. लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आहे, एक जुना लॅपटॉप आहे, आणि फोन म्हणाल तर माझा स्वतःचा. नेटवर्क वर्गाच्या दारात उंबऱ्यापाशी येतं, फळ्यापाशी जात नाही. शिक्षकांसाठी उपयुक्त अ‍ॅपच्या याद्या ग्रुपवर रोज येतात, पण त्यातल्या बहुतेक गोष्टी प्रत्येक मुलाच्या हातात एकेक टॅब आहे असं धरून चालतात. कहूतसारख्या प्रश्नमंजुषेला मुलांच्या हाती उपकरण लागतं, म्हणून ती आमच्याकडे बादच.

तरी जे चालतं ते मी मनापासून वापरते. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरच्या कविता मुलांना ऐकवते. हे कोड नुसते आल्याने सगळं झालं असं नाही. पण पुस्तकांत असे कोड वापरणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून काय होऊ शकतं हे आमच्या गावातल्या पालकांनाही कळलं, हे मात्र खरं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ पासून ते चालू आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असतात आणि खुल्या परवान्यामुळे उतरवून घेऊन छापता येतात. आमच्या वाचनकोपऱ्यात दोरीवर लटकलेली निम्मी पुस्तकं तिथलीच आहेत. मूल मोठ्याने वाचतं आणि फोन ऐकून अडलेला शब्द सांगतो, ते गूगलचं रीड अलाँग अ‍ॅप मी एकेका मुलाला व्हरांड्यात बसवून देते. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की त्याला नेटही लागत नाही. नाचत्या-गात्या व्हिडिओंबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. मुलं गप्प बसतात, म्हणून शिक्षकाला बरं वाटतं, इतकंच.

प्लिकर्स हे अ‍ॅप मला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतल्या एका ताईंनी दाखवलं. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची आकृती, प्रत्येकाची वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कार्ड समोर धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की प्रत्येक कार्डाचं उत्तर नोंदलं जातं. बरोबर असेल त्या कार्डावर फोनमध्ये हिरवी खूण, चुकीचं असेल तर लाल. कार्डांचा नेहमीचा संच चाळीसचा आहे, साध्या कागदावर छापता येतो. आकृत्या सगळ्या वेगळ्या असल्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डाकडे बघून आपलं कार्ड फिरवायचं म्हटलं तरी जमत नाही. मला सगळ्यात आवडली ती हीच गोष्ट.

मी कार्डं छापून लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली. लॅमिनेशन मुद्दाम केलं नाही. चकाकी आली की कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. यादीत मुलांची नावं न घालता हजेरी क्रमांक घातले. मुलांची माहिती बाहेरच्या कुठल्याही अ‍ॅपवर जितकी कमी जाईल तितकं बरं, असं मी मानते. नेटवर्क दारात, म्हणून मुलांना दाराकडे तोंड करून बसवलं आणि मी उंबऱ्यावर उभी राहिले.

सुरुवातीचे प्रश्न सोपे घेतले. राजधानी कोणती, बेडूक कुठे राहतो वगैरे. मुलं खूश. मग मी ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता तो प्रश्न टीव्हीवर आणला.

८ + ४ = ☐ + ५

पर्याय: ए – ७, बी – १२, सी – १७, डी – ९.

हा प्रश्न माझा नाही. गणित शिकवणाऱ्यांच्या जगात तो प्रसिद्ध आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना तो घातला होता आणि त्यातल्या एकानेही ७ हे उत्तर दिलं नव्हतं. बहुतेकांचं १२, उरलेल्या बऱ्याच जणांचं १७. वाचल्यावर वाटलं होतं, सहावीच्या मुलांना हे येऊ नये? आणि लगेच वाटलं, आपल्या पोरांना विचारून तर बघू.

त्या दिवशी सतरा जण हजर होते. कार्डं वर झाली, मी फोन डावीकडून उजवीकडे फिरवला. लाल, लाल, लाल. अकरा जणांचं १२. चौघांचं १७. हिरवे ठिपके दोन.

त्या चौघांत सार्थक होता. (मुलांची नावं बदलली आहेत.) सार्थक म्हणजे वर्गातला सगळ्यात पटकन हिशेब करणारा मुलगा. हात वर करणाऱ्यांत पहिला. नेहमीसारखा तोंडी प्रश्न विचारला असता, तर त्याने '१७' सांगितलं असतं, मी 'नाही' म्हटलं असतं, दुसऱ्या कुणी '१२' म्हटलं असतं, आणि मग मी समजावून सांगितल्यावर सगळा वर्ग 'होऽऽ' म्हणाला असता. पंधरा जण चुकीचा विचार करताहेत हे कधीच बाहेर आलं नसतं.

उत्तर न सांगता मी कारणं विचारायला लागले. सार्थक म्हणाला, "बाई, सगळे मिळवले. आठ, चार आणि पाच."

"आणि तुमचं बारा कसं आलं रे?"

१२ म्हणणाऱ्या अकरा जणांतल्या रेश्माने मला जे हवं होतं ते अगदी नितळ सांगितलं. "बरोबरच्या पुढं उत्तर लिहायचं असतं ना, बाई."

मुलांची चूक अजिबात निष्काळजीपणाची नव्हती. पहिलीपासून त्यांनी जी शेकडो गणितं सोडवली त्यात आकडे डावीकडे, मग =, मग रिकामी चौकट. तेच चिन्ह कॅल्क्युलेटरवर दाबलं की उत्तर उमटतं. मग त्या दोन आडव्या रेघांचा अर्थ मूल काय लावणार? 'आता उत्तर लिही' असाच. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आहे असं ते चिन्ह सांगतं, हे कळायची वेळच त्या गणितांनी आणली नाही. चौथीत याने काही अडत नाही. सगळे गुण मिळतात. हीच मुलं पुढे 'क्ष' असलेल्या समीकरणाशी पोचतात तेव्हा गणित अवघड आहे असं म्हणायला लागतात, आणि तेव्हा त्यांना दोष देणारे पुष्कळ असतात.

आता ते दोन हिरवे ठिपके. एक ओंकारचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "कुठली बाजू वर धरली ते बघितलंच नाही, बाई." म्हणजे तो हिरवा धरायचा नाही. हे साधन वापरणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं: ठिपका हिरवा असला तरी मुलाला विचारावं लागतंच. चार पर्यायांत एखादा तुक्का लागायचाच.

दुसरा ठिपका वैष्णवीचा. वैष्णवी तिसरीतली, प्रश्न मी चौथीला धरून घेतला होता, तिसरीवाले आपले हौसेने कार्डं धरून बसले होते. ती उभी राहिली, फळ्यापाशी आली आणि चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "इकडं आठ आन् चार, बारा. तिकडं पाचच हायेत. मग अजून सात टाकले का तिकडं पण बारा व्हतील."

"कशावरून दोन्हीकडं बारा पाहिजेत?" सार्थकने विचारलं. चिडून नाही, पण त्याला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. वैष्णवीला पुढे सांगता येईना. ती चिन्हाकडे बोट दाखवत राहिली.

इथे मी फेट काढलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा उपक्रम. कार्ल वीमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्या वर्षी त्यांनी हे काम सुरू केलं. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर आपल्या हाताने करून बघता येतात, फुकट आहेत, कित्येक मराठीतही आहेत. आणि एकदा उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. त्यातलं इक्वालिटी एक्सप्लोरर मी तालुक्याला गेले असताना लॅपटॉपवर घेऊन ठेवलं होतं. पडद्यावर एक तराजू. पारड्यांत एकेकाचे तुकडे ओढून टाकायचे. टाकाल तसा तराजू झुकतो, आणि वर दोन्ही बाजूंच्या मधलं चिन्हही आपोआप बदलतं.

टीव्हीवर तराजू दिसताच मागून आवाज आला, "हिरड्याचा काटा!" आमच्याकडच्या मुलांना काटा सांगावा लागत नाही. हंगामात घरोघरी हिरडा गोळा होतो, व्यापारी येतो, आणि काटा सरळ उभा आहे की नाही यावर घरातल्या सगळ्यांचे डोळे असतात.

सार्थकलाच माउस दिला. डाव्या पारड्यात आठ टाक, आता चार टाक. उजव्या पारड्यात पाच. तराजू डावीकडे झुकलेला, मधे > हे चिन्ह. "आता उजवीकडं एकेक टाकत जा. किती टाकलेस ते सगळे मोजा." एक, दोन, तीन... वर्ग मोजत होता. सहाला तराजू बराच वर आला, पण चिन्ह अजून > च. सातवा तुकडा पडला, पारडी समोरासमोर आली आणि > च्या जागी = आलं.

सार्थकने माउस सोडला नाही. त्याने अजून एक तुकडा टाकला. चिन्ह उलटं झालं. काढला, पुन्हा =. टाकला, काढला, टाकला, काढला. मग मान न वळवता म्हणाला, "म्हणजे बाई, हे उत्तराचं चिन्ह नाहीच."

त्यावर मी काहीही समजावून सांगितलं नाही. पुढचा प्रश्न लावला. ६ + ९ = ☐ + ५. पुन्हा कार्डं, पुन्हा उंबरा. बारा जण १०, चौघे १५, एक २०. ओंकारला मी कार्डाची बाजू नीट बघायला लावली. त्याने १० वर करून धरलं आणि का ते सांगितलंही.

म्हणजे आणखी पाच जणांना अजून ते दिसलेलं नव्हतं. ते पाच कोण, हे मला माहीत होतं. माझ्या मते या साधनाची खरी किंमत इथे आहे. दुपारी शालेय पोषण आहारानंतर सगळी बसून चित्रं काढत असताना मी त्या पाचजणांना घेऊन व्हरांड्यात बसले. हँगरला दोन करवंट्या बांधून केलेला तराजू, गणित पेटीतले एकसारखे मणी. पडद्यावरचा तराजू काहींना पटतो, काहींना हातात वजन यावं लागतं. त्यातल्या दोघांना मणी टाकता टाकता समजलं. एकीला समजलं नाही, पण तिला १५ का चूक आहे हे समजलं. उरलेल्या दोघांसाठी पुढचा आठवडा होता.

शेवटच्या तासाला मुलांना म्हटलं, असे प्रश्न तुम्हीच करा. वहीत चिन्हाच्या दोन्ही बाजूंना बेरीज हवी आणि एक चौकट. चौथीतल्या एकाने लिहिलं: १०० + १ = ☐ + २. त्याच्या भोवती गर्दी झाली. व्हरांड्यातल्या त्या पाचजणांपैकी एकाने लिहिलं: ३ + ३ = ☐ + ६. यावर मात्र भांडण जुंपलं. अर्ध्यांचं म्हणणं, हा प्रश्नच चूक, चौकटीत टाकायला काही नाही. बाकीच्यांचं म्हणणं, शून्य टाका. "शून्य टाकलं म्हणजे काय टाकलं?" असं रेश्माने विचारलं, आणि शाळा सुटायची घंटा झाली तरी कुणी दप्तर उचलेना.

तो प्रश्न मी दुसऱ्या दिवशी कार्डांवर घेतला, लिहिणाऱ्याचं नाव टीव्हीवर मोठं लिहून.

पुढच्या शिक्षण परिषदेत मी ८ + ४ ची गोष्ट सांगितली तेव्हा केंद्रशाळेतले सातवीचे सर कार्डं मागून घेऊन गेले. त्यांच्या वर्गातही १२ आणि १७ निघाले, समीकरणं शिकवून झाल्यानंतर. आता तो संच त्यांच्याकडेच आहे. मी नवा छापून घेतलाय, आणि या वेळी पहिली-दुसरीच्या सरांसाठीही एक.