इफिस: ग्रंथालयाशी थांबू नका

तुर्कस्तानातल्या इफिस या प्राचीन शहराच्या अवशेषांत सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटो झाले की बहुतेक जण बसकडे वळतात. ख्रिस्ती इफिस खरं तर तिथून पुढे आहे, आणि बरंचसं वाटेपासून बाजूला.

इझमीरच्या बसमाने स्थानकातून सेल्चुक या जवळच्या गावाला रेल्वे आहे, ती विमानतळावरही थांबते. सेल्चुकहून अवशेष 3 किलोमीटरवर. डोल्मुश, म्हणजे तिथली वडाप, खालच्या फाटकाशी सोडते आणि मग सगळा चढ उन्हात चढावा लागतो. म्हणून टॅक्सीने वरच्या फाटकाशी जा आणि उतरत या. सावली जवळपास नाही. पाणी वरूनच भरून घ्या. क्युरेटीस रस्त्याचा संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालाय, गुळगुळीत तळाची चप्पल हमखास घसरते. कुशादासी बंदराला पर्यटकांचं जहाज लागलं असेल तर सकाळी उशिरा इथे गर्दीच गर्दी, तेव्हा फाटक उघडताच आत शिरा.

फरसबंदीवर आठ आऱ्यांची वर्तुळं कोरलेली दिसतात. ग्रीक 'इख्थुस' (मासा) या शब्दाची पाच अक्षरं एकावर एक ठेवली की अशी आकृती होते, ही ख्रिस्ती लोकांची खूण, असं गाईड सांगतात. पण खेळाचे पटही असेच कोरत, त्यामुळे प्रत्येक वर्तुळापुढे हात जोडायची घाई नको.

सुमारे 25,000 माणसांचं नाट्यगृह मात्र चुकवू नका. इथल्या अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवणाऱ्या देमेत्रियाने ख्रिस्ती प्रेषित पौलाविरुद्ध कारागिरांना चिथावलं. जमाव इथेच घुसला आणि दोन तास अर्तमीचा जयजयकार करत राहिला. कारण धंद्याचं होतं: देवी पडली तर गिऱ्हाईक कोण? 'पौल इथून बोलला' असं कुणी सांगितलं तर मानू नका. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगतं की त्याला जायचं होतं, पण शिष्यांनीच जाऊ दिलं नाही. समोरचा बंदराचा रस्ता आज दलदलीत संपतो. नदीच्या गाळाने समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरला.

तिथून खालच्या फाटकाकडे जाताना डाव्या हाताला मरियेच्या चर्चची पायवाट फुटते. पाय दुखत असतात आणि नेमकी हीच वाट सुटते. सुमारे 260 मीटर लांबीच्या रोमन इमारतीत हे चर्च बसवलंय आणि पुन्हा पुन्हा बदललंय, म्हणून भिंतींचा मेळ चटकन लागत नाही. आधी बाप्तिस्म्याचं कुंड शोधा: जमिनीत खोल, पायऱ्यांचं, प्रौढ माणूस उतरेल एवढं. इ.स. 431 च्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेची जागा हीच मानतात. तिथे कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्तोरियस याला पदच्युत करून मरियेचं 'देवमाता' हे बिरुद मान्य झालं.

दुपारनंतर सेल्चुकच्या अयासुलुक टेकडीवर जा. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात प्रेषित योहानाच्या कबरीवर बांधलेल्या बॅसिलिकाचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, सहाही घुमट गेलेत, क्रूसाकृती आराखडा मात्र स्पष्ट कळतो. खांबांच्या माथ्यांवर जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा यांची गुंफाक्षरं, म्हणजे एकमेकांत गुंफलेली नावाची अक्षरं, शोधा. उन्हं कलती असली की ती चांगली उठून दिसतात.

गावातल्या संग्रहालयाला तासभर ठेवाच. रोमन सम्राट ऑगस्टस आणि त्याची बायको लिव्हिया यांच्या पुतळ्यांच्या कपाळांवर नंतरच्या कुणीतरी क्रूस कोरलेत.