काढायला बसलो आणि वाढले

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा प्रयोगशाळेत पेट्रोलमधील गंधक मेंब्रेनच्या, म्हणजे अतिशय पातळ पडद्याच्या, साहाय्याने वेगळे करण्याचे काम चालू होते, आणि त्या डिसेंबरमध्ये एका मंगळवारी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला तेव्हा गंधक काढून घेतल्यानंतरच्या द्रवात ते मूळ द्रवापेक्षा जास्त असल्याचे त्यात नोंदलेले होते.

हा आकडा एवढा का खटकला, हे कळण्यासाठी कामाचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकानुसार पेट्रोलमध्ये गंधक १० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत दहा भागांपेक्षा, अधिक चालत नाही. त्याआधी बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. रिफायनरीत हे गंधक हायड्रोजनच्या साहाय्याने, उच्च दाबाखाली काढतात. मात्र त्या क्रियेत पेट्रोलमधील ओलेफिन या दुहेरी बंधाच्या संयुगांनाही हायड्रोजन जोडला जातो आणि ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची पेट्रोलची प्रत, घसरतो. मेंब्रेनचा विचार येथे उपयोगी पडतो. गरम पेट्रोल सिलिकॉन रबराच्या अतिशय पातळ थरावरून फिरवायचे आणि थराच्या दुसऱ्या बाजूला निर्वात ठेवायचा. थायोफिनसारखी गंधकयुक्त संयुगे त्या थरात अधिक सहज विरघळतात, पलीकडे वाफ होऊन निघतात आणि थंड सापळ्यात पुन्हा द्रव होतात. या पद्धतीला परव्हेपोरेशन म्हणतात. बहुतांश गंधक थोड्याशा भागात गोळा झाले की हायड्रोजनची प्रक्रिया तेवढ्याच भागावर करावी लागते.

पंपावरच्या पेट्रोलचा आम्हाला उपयोग नव्हता, कारण मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकरने येणारे पेट्रोल आधीच स्वच्छ केलेले असते. म्हणून आम्ही हेप्टेन या पेट्रोलसारख्या द्रवात थायोफिन मिसळून १०० पीपीएम गंधकाचा नमुना तयार केला होता आणि त्यातील अर्धा लिटर ६० अंश सेल्सिअसला सहा तास फिरवला होता. पलीकडे साधारण १५ ग्रॅम द्रव गोळा झाला, आणि त्यात गंधक सुमारे चौपट होते. उरलेल्या द्रवात ते ८६ पीपीएमवर यायला हवे होते, आणि मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या आमच्या गॅस क्रोमॅटोग्राफनेही तेच दाखवले होते. अहवालात मात्र ११२ लिहिलेले होते. हिशेब मांडला, तर ३४ मिलिग्रॅम गंधक आत गेले होते आणि ४२ मिलिग्रॅम बाहेर आले होते.

आमचा कनिष्ठ सहकारी निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. त्या दिवसांत भुरी या बुरशीजन्य रोगासाठी बागेत गंधकाची फवारणी चालू होती आणि पहाटे वडिलांना मदत करूनच तो कामावर येत असे. हेप्टेनमध्ये गंधक विरघळते, हे मला माहीत होते. मी फार विचार न करता त्याला विचारले, "तू हात धुऊन येतोस ना रे?" या प्रश्नात प्रश्नापेक्षा आरोपच अधिक होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, अहवालाची पहिली ओळ वाचा. ती बाटलीही मीच भरली होती."

पहिली ओळ मूळ नमुन्याची होती: १०१ पीपीएम. मी दुसऱ्या ओळीवरच थांबले होते. त्याचे हात दोषी असते, तर ही बाटलीही बिघडायला हवी होती; म्हणजे गंधक आमच्या यंत्रातच मिसळत होते. तिसरी ओळही बोलकी होती. सापळ्यातील द्रवाचे आमचा आणि त्यांचा असे दोन्ही आकडे जवळपास जुळत होते. क्रोमॅटोग्राफ फक्त थायोफिन मोजत होता, तर बाहेरची प्रयोगशाळा नमुना जाळून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवरून सगळेच गंधक मोजत होती. त्यामुळे वाढलेला भाग थायोफिनचा नव्हता, आणि तो सहज वाफ होणाराही नव्हता, नाहीतर निदान थोडा तरी पलीकडे गेला असता.

आता गरम हेप्टेनला स्पर्श करणारी एकेक वस्तू आम्ही मोजू लागलो: स्टीलची टाकी, टेफ्लॉनच्या नळ्या, मेंब्रेन आणि गळती रोखणारी त्याभोवतीची रबराची काळी कडी, म्हणजे ओ-रिंग. रिंगपाशी आम्ही दोघेही थांबलो. व्हायटॉन या फ्लोरिनयुक्त रबराची मूळ रिंग चिरली होती, नवी यायला वेळ होता, म्हणून वसाहतीतल्या दुकानातून नायट्राइल रबराची रिंग आणली होती. दुकानदाराने ती पेट्रोलला चालते असे सांगितले होते, आणि त्याचे काहीच चुकले नव्हते; गळती थांबवायला ती उत्तमच असते. परंतु नायट्राइल रबर सामान्यतः गंधकानेच पक्के करतात आणि ती क्रिया जलद करणारी प्रवेगक रसायनेही बहुधा गंधकयुक्तच असतात. रबराशी न जोडले गेलेले उरलेसुरले गंधक गरम हेप्टेनमध्ये सावकाश धुऊन निघते. दोन्ही रिंगा काळ्याच, शेजारी ठेवल्या तरी ओळखू येऊ नयेत अशा.

त्याच पाकिटातील दुसरी रिंग आणि व्हायटॉनचा चिरलेला तुकडा आम्ही शुद्ध हेप्टेनच्या दोन बंद बाटल्यांत ६० अंशांवर रात्रभर ठेवले. सकाळी दोन्ही द्रव धुराड्याखाली काचेवर उडू दिले. व्हायटॉनची काच कोरी राहिली. नायट्राइलच्या काचेवर पिवळसर, तेलकट थर उरला. तो गंधकाचाच होता असे त्यावरून म्हणता येत नव्हते, कारण रबरातील मऊपणा आणणारी तेलेही अशीच निघतात. पण चार दिवसांनी त्या द्रवाच्या राखून ठेवलेल्या भागाचा अहवाल आला, आणि शंका उरली नाही.

खरी खंत पुढे होती. तीच रिंग लावून आम्ही आधी ५०० पीपीएमचे तीन प्रयोग केले होते, आणि त्यांत गंधक अपेक्षेपेक्षा किंचित कमी निघाल्याचे दिसले, तेव्हा मोजमापाची चूक म्हणून मी ते सोडून दिले होते. पाचशेत पंचवीस लपतात, शंभरात लपत नाहीत. नवी व्हायटॉन रिंग लावून केलेल्या प्रयोगात दोन्ही यंत्रांनी ८७ च्या आसपासचे आकडे दिले, त्या संध्याकाळी माझ्या सहकाऱ्याने वही उघडून आधीच्या तिन्ही पानांवर लाल शाईने 'नायट्राइल रिंग, निकाल रद्द' असे लिहिले. रिंग कोणाच्या मंजुरीने बसवली, हा रकाना रिकामा होता. तिथे मी सही केली.