दुर्बिणीचा ६ इंची आरसा: पॉलिश झाली, फिगरिंग (नेमका आकार देणं) सुरू

१५० मिमी व्यास, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). नाभीय अंतर १२०० मिमी, वक्रता त्रिज्या २४०० मिमी, मध्याची खोली साधारण १.१७ मिमी. ८० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायची पावडर, नंबर वाढेल तशी बारीक) ही खोली गाठली; पुढे १२०, २२०, ४००, ६००. दर टप्प्याला बादली, टेबल, नखं सगळं धुवायचं, कारण ६०० मध्ये ८० चा एक कण शिरला की ओरखडा ठरलेला. मागच्या पावडरीचे खड्डे भिंगातून दिसेनासे झाले की मगच पुढची पावडर.

पॉलिशला सीरियम ऑक्साइड आणि पिचचा लॅप, म्हणजे डांबरासारख्या पिचची खाचा पाडलेली घासायची तबकडी. खरी परीक्षा पिचची. उन्हाळ्यात ती मऊ पडते, खाचा बुजतात आणि आरशाचा काठ खाली वळतो. फार कडक असली तर बारीक रेघा उठतात. मऊ पिचमध्ये राळ, कडक पिचमध्ये आच बंद केल्यावर टर्पेंटाइनचे थोडे थेंब. खाचांचा छेद लॅपच्या बरोबर मध्यावर आणू नका, आरशावर गोल वलयं उमटतात.

आता फूको चाचणी: आरशावरून परतणारा प्रकाश ब्लेडच्या धारेने अडवायचा आणि सावलीवरून आकार ओळखायचा. १८५८ ची युक्ती, सामान मात्र घरचं: एलईडी, बारीक फट, अर्धं ब्लेड आणि स्क्रूवर सरकणारी पट्टी. दिवा स्थिर ठेवला तर मध्य आणि काठ यांच्यासाठीच्या ब्लेडच्या जागेत २.३४ मिमी फरक हवा. सध्या १.६ येतोय, म्हणजे पॅराबोला अपुरा. मेदूवड्यासारखी सावली दिसते, पण फिकट.

एफ/८ ला नुसत्या गोलाकार आरशाची चूकही प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या आसपास येते, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. थांबू नये असं आमचं ठाम मत. गोलाकार आणि पॅराबोला पृष्ठभागांतला हा फरक मायक्रॉनच्या एक तृतीयांशाहूनही कमी. अ‍ॅल्युमिनियमचा थर चढला की चांगला आणि कामचलाऊ आरसा फोटोत एकसारखेच दिसतात. आयपीसला डोळा लावणारा ‘वा!’ म्हणतो ते शनीच्या कड्यांना. ही सावली फक्त घासणाऱ्यालाच दिसते. चार मिनिटं हात फिरवल्यावर ती नेमकी हवी तिथे गडद झाली, की या छंदातलं सगळ्यात मोठं सुख तेच.

पुढचं काम: आरसा वर ठेवून लांब ‘डब्ल्यू’ स्ट्रोक, एका वेळी तीन-चार मिनिटंच, जास्त केलं तर काठ आणखी घसरतो. लगेच मोजायचं नाही, हाताच्या उबेने काच फुगते आणि खोटा उंचवटा दिसतो. तासभर थांबून कूडेर मास्क (आरशाचे ठरावीक पट्टेच उघडे ठेवणारा पुठ्ठा) लावून वाचन. काठाला अरुंद उजळ कड आहे. तिच्यासाठी आधी लॅप नव्याने दाबून छोटे स्ट्रोक. तरीही राहिली तर बाहेरचे २ मिमी काळ्या रंगाने झाकता येतात.